सायकलला इंजिन बसवलंय? मग टॉप स्पीड सांगायच्या आधी एवढं करा

इंजिन किंवा मोटर लावलेली सायकल घेऊन तुम्ही चहाच्या टपरीवर थांबलात की पहिला प्रश्न ठरलेला, "किती पळते?" मोटरसायकलवाल्याला "किती देते" विचारलं की तो जसं ॲव्हरेज दहा-पंधराने फुगवून सांगतो तसंच आपल्या या छंदात स्पीडचं झालंय, कुणी साठ सांगतो, कुणी सत्तर, एखादा तर ऐंशी म्हणून मोकळा होतो आणि ऐकणारे माना डोलावतात. आता ॲव्हरेज फुगवल्याने कुणाचं डोकं फुटत नाही, पण स्पीडचा आकडा ऐकून नवीन पोरगा किट मागवतो, त्याची निघते पस्तीस, मग त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, मग तो कार्ब्युरेटर बदलतो, सायलेन्सर कापतो, मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बारीक करतो आणि शेवटी सायकलच्या रिमब्रेकवर (रिमला घासणारे साधे रबरी ब्रेक) जे करू नये ते करून बसतो. म्हणून हा लेख नवीन लोकांसाठी, आपल्या गाडीचा खरा आकडा काढायचा कसा, तो सांगायचा कसा आणि दुसऱ्याने सांगितलेला तपासायचा कसा.

एक आधीच सांगतो, सगळे जण मुद्दाम थापा मारत नाहीत. अर्ध्या लोकांना त्यांच्या मिटरनेच फसवलेलं असतं. उरलेल्यांचं काय ते तुम्हीच ठरवा.

१. गाडी बाहेर काढायच्या आधी गणित

पेट्रोलवाल्यांपासून सुरू करू. बाजारात सगळ्यात जास्त फिरणारं चिनी टू-स्ट्रोक किट "८० सीसी" म्हणून विकलं जातं. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टन वरखाली जातो ते अंतर) ३८ मिमी, आता शाळेतलं सिलिंडरच्या घनफळाचं सूत्र लावा, उत्तर येतं साधारण ६६ सीसी. म्हणजे गाडी रस्त्यावर यायच्या आधी, खोक्यावरच चौदा सीसीची थाप आहे. लहान इंजिनाचा बोअर ४० मिमी, ते ४८ सीसीच्या आसपास येतं, तिथे बिचारे जवळपास खरं बोलतात.

आता गिअर. या किटमध्ये इंजिनाच्या आतली गिअरजोडी २० आणि ८२ दातांची असते, म्हणजे ४.१ पट. बाहेर चेनचं पुढचं स्प्रॉकेट १० दातांचं आणि मागचं बहुतेक वेळा ४४ दातांचं, म्हणजे ४.४ पट. दोन्हींचा गुणाकार १८.०४. सरळ भाषेत सांगायचं तर मागचं चाक एकदा फिरायला इंजिनाला अठरा वेळा फिरावं लागतं. क्लच घसरत नसेल तर यात कुठेही पळवाट नाही, गिअर एकच आहे, चेन ताणलेली आहे, इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला किती फेरे) कळले की स्पीड कळला.

२६ इंची चाकाला १.९५ इंच रुंदीचा टायर असेल तर एका फेऱ्यात गाडी साधारण २.०५ मीटर जाते. मग ५००० आरपीएमला ३४ किमी, ६००० ला ४१, ७००० ला जेमतेम ४८. आता कुणी म्हणालं की माझी स्टॉक किट (काही न बदललेली), ४४ दात, ऐंशीने पळते, तर त्याच्या इंजिनाला ११,७०० च्या वर फिरावं लागेल. साध्या किटचं इंजिन तिथे पोचायच्या आधी हँडलला अशी थरथर सुटते की हाताला मुंग्या येतात, आणि बेअरिंग काय म्हणतं ते विचारूच नका.

मागचं ३६ दातांचं लावलं तर एकूण गुणोत्तर १४.७६ होतं आणि ६००० आरपीएमला बरोबर ५० येतात. कागदावर. खरोखर तिथवर ओढायची ताकद इंजिनात आहे का हा पुढचा प्रश्न आणि त्याचं उत्तर हवा देते.

२. हवेचा हिशोब

हा भाग जरा नीट वाचा कारण नव्वद टक्के वाद इथेच मिटतात. सायकलवर ताठ बसलेला माणूस म्हणजे वाऱ्याला आडवी धरलेली फळी. स्पीड दुप्पट केला तर हवा कापायला लागणारी ताकद दुप्पट नाही, आठपट लागते. टायरच्या घासण्याला लागणारी ताकद तेवढी वाढत नाही, त्यामुळे एकूण हिशोब थोडा सौम्य होतो, पण थोडाच.

माणूस आणि गाडी मिळून १०० किलो धरा, रस्ता सपाट, वारा नाही, पेडल मारायचं नाही. मागच्या चाकावर लागणारी ताकद अंदाजे अशी: २५ च्या स्पीडला पावणेदोनशे वॉट, ३० ला पावणेतीनशे, ४० ला जवळपास सहाशे, ५० ला अकराशे, ६० ला अठराशे. बसायची पद्धत, कपडे, टायर यावर थोडं इकडेतिकडे होईल, पण अडीचशे वॉटची मोटर सपाटीवर पंचेचाळीस जात नाही म्हणजे नाही, त्याला आठशे वॉट लागतात.

मग अडीचशेवाले लोक पंचेचाळीस कसे काय दाखवतात? तर त्यांची मोटर नुसती स्टिकरवर अडीचशेची असते. कंट्रोलर (मोटरला किती करंट जाईल ते ठरवणारा डबा) उघडून, किंवा त्याच्यावरचं लेबल वाचून बघा, ४८ व्होल्टची बॅटरी आणि १८ अँपिअरचा कंट्रोलर असेल तर बॅटरीतून ८६४ वॉट निघतात, त्यातले ऐंशी टक्के जरी चाकापर्यंत पोचले तरी सातशेच्या आसपास होतात. म्हणजे कायद्याला सांगायला अडीचशे (कायद्याची मर्यादा, पुढे येईलच) आणि मित्रांना सांगायला पंचेचाळीस! दोन आकडे एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत, पण लोक एका श्वासात दोन्ही सांगतात आणि कुणी टोकत नाही.

उताराचं तर बोलायलाच नको. २ टक्के उतार म्हणजे शंभर मीटरमागे दोन मीटर, डोळ्याला रस्ता सपाटच वाटतो. पण १०० किलोची गाडी ४० ने त्यावरून जात असेल तर उतार एकटा सव्वादोनशे वॉट फुकट देतो, म्हणजे जवळपास एक आख्खी कायदेशीर मोटर. पुण्यात चांदणी चौकातून कोथरूडकडे येताना कुणीही शूर होतो, त्याच माणसाला तोच रस्ता उलटा चढायला सांगा मग बघू.

३. मिटर नीट सेट करा

सायकलचा छोटा मिटर, तो चाकाच्या आऱ्याला लोहचुंबक लावायचा वाला, स्वस्त आणि चांगला असतो पण तो स्पीड मोजत नाही, तो फेरे मोजतो आणि तुम्ही सांगितलेल्या परिघाने गुणतो. परिघ चुकीचा टाकला की आयुष्यभर चुकीचं सांगणार. २६ इंची चाक आहे आणि सेटिंग २९ इंचीचं राहिलंय, तर खऱ्या ४० ला तो ४४ च्या वर दाखवतो. टायरवर लिहिलेल्या साइजवरून टेबल बघून आकडा टाकला तरी थोडा फरक राहतोच कारण वजन पडलं की टायर दबतो.

म्हणून असं करा. टायरमध्ये नेहमीची हवा भरा. पार्किंगमधल्या फरशीवर खडूने एक रेघ मारा, पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली, रेघेवर आणा. आता गाडीवर बसा, म्हणजे खरंच बसा, पाय वर, मागून कुणीतरी धरायला हवा, आणि सरळ रेषेत हळूहळू पुढे ढकलत न्या, व्हॉल्व्ह परत खाली आला की तिथे दुसरी रेघ. असे तीन फेरे घ्या आणि टेपने एकूण अंतर मोजून तीनने भागा, एका फेऱ्यातली चूक कमी होते. आलेला आकडा मिलिमीटरमध्ये मिटरमध्ये टाका. घरात कुणी विचारलं काय चाललंय तर सांगू नका, समजावण्यात अर्धा तास जातो.

आणखी एक भानगड पेट्रोलवाल्यांची. वायरलेस मिटर असेल तर इंजिनाच्या स्पार्कचा, त्या सीडीआय (स्पार्क पाडणारा डबा) आणि प्लगच्या वायरचा, त्याला त्रास होतो. मधूनच मिटर ९० दाखवतो, ११० दाखवतो, उभ्या गाडीवर सुद्धा आकडे नाचतात, आणि मग "मॅक्स" मध्ये तो नाचलेला आकडा कायमचा बसतो. संध्याकाळी माणूस त्याचा फोटो काढून मिरवतो. फोटो खरा आहे, आकडा खोटा आहे. वायरवाला मिटर घ्या, प्लगच्या वायरपासून लांबून न्या, आणि "मॅक्स" कडे बघायचंच नाही.

फोनचं जीपीएसही असंच, मोकळ्या आभाळाखाली स्थिर स्पीडला ते छान काम करतं पण झाडाखाली, पुलाखाली, उंच बिल्डिंगच्या मधे उड्या मारतं. ॲपमधला सगळ्यात मोठा आकडा हा बऱ्याचदा अशीच एक उडी असते. ॲपमध्ये स्पीडचा आलेख असतो तो उघडा, जो स्पीड सलग दहा-पंधरा सेकंद टिकलाय तो तुमचा, एका सेकंदाचं टोक कुणाचंच नाही.

४. प्रत्यक्ष मोजणी

जागा आधी. पेट्रोल इंजिनवाली सायकल पब्लिक रोडवर नको, का ते पुढे सांगतो. ओळखीच्याचं मोठं आवार, कारखान्याचा आतला रस्ता, शेतातला पक्का रस्ता, जिथे परवानगी मिळेल तिथे. पहाटे जा, वारा कमी असतो आणि कुत्री पण झोपलेली असतात. हेल्मेट, बूट, ग्लोव्ह्ज. निघायच्या आधी दोन्ही ब्रेक, मागच्या स्प्रॉकेटचे बोल्ट आणि चेनचा ताण बघून घ्या, चेन उतरून मागच्या चाकात अडकली तर स्पीड तिथल्या तिथे शून्य होतो.

सगळ्यात भरवशाची पद्धत जुनीच आहे, टेप आणि स्टॉपवॉच. सपाट रस्त्यावर २०० मीटर मोजून दोन्ही टोकांना खुणा करा. खुणेच्या खूप आधीपासून गाडी पूर्ण स्पीडला आणा, म्हणजे पहिल्या खुणेवर ती वाढत नसली पाहिजे, आणि दोन खुणांमधला वेळ मित्राला घेऊ द्या. ७२० ला सेकंदांनी भागा, झाला किमी प्रति तास. २४ सेकंद म्हणजे ३०, १८ सेकंद म्हणजे ४०. बटण दाबण्यात पाव सेकंद इकडेतिकडे झाला तरी चूक अर्ध्या-पाऊण किलोमीटरची, आपल्याला चालतंय.

आता मुख्य गोष्ट, लगेच उलट्या दिशेने परत या. जाताना १७ सेकंद म्हणजे ४२.४, येताना २० सेकंद म्हणजे ३६, तर तुमचा टॉप स्पीड ३९. बेचाळीस नाही. गाड्यांचे जागतिक स्पीड रेकॉर्ड सुद्धा असेच ठरतात, एफआयएच्या (मोटर शर्यतींची जागतिक संघटना) नियमात ठरलेल्या अंतरावर तासाभराच्या आत दोन्ही दिशांनी जावं लागतं आणि मग सरासरी धरतात. तिथे रॉकेटसारख्या गाड्यांना ही अट आहे तर आपल्या दोन चाकांना काय हरकत आहे.

पेडल मारायचं नाही. चांगला सायकलस्वार पायाने शंभर-दीडशे वॉट सहज घालतो आणि मग स्पीड मोटरचा की मांडीचा हे कळत नाही. पेडल मारून काढलेला आकडा सांगायला हरकत नाही, पण तसं म्हणायचं. आणि ट्रकच्या मागे लागून स्पीड काढणं हा प्रकार तर बंदच ठेवा, हवा कापून तो देतो, तुम्ही नुसते मागे लोंबकळता, आणि त्याने ब्रेक मारला तर टॉप स्पीडचा प्रश्न कायमचा मिटला.

५. बॅटरीवाल्यांसाठी दोन जादा गोष्टी

पहिली, चाक हवेत उचलून थ्रॉटल पिळायचा आणि मिटरचा व्हिडिओ काढायचा, हे अगदी लाडकं काम आहे. हब मोटरचा (चाकाच्या मधोमध बसणारी मोटर) बिनवजनाचा स्पीड व्होल्टेजवर ठरतो. रस्त्यावर माणूस बसला की तो अंदाजे पंधरा-वीस टक्के खाली येतो, मोटर कमजोर असेल तर आणखी.

दुसरी, बॅटरी किती भरलेली होती ते. "४८ व्होल्ट" ची १३ सेलची बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर ५४.६ व्होल्ट असते आणि वापरत गेलं की उतरत जाते. हवेतल्या चाकाने फुल चार्जला ४२ दाखवले तर ४८ व्होल्टला ३७ च दाखवेल आणि माणूस बसला की रस्त्यावर ३० च्या आसपास. म्हणजे एकच गाडी, एकच दिवस, सकाळी ४२ आणि दुपारी ३०, आणि सांगणारा कुठला आकडा सांगेल ते तुम्हाला माहितीय. त्यामुळे मोजणी बॅटरी अर्ध्यावर असताना करा, किंवा फुल आणि अर्धी अशा दोन्ही करा.

६. सांगायचं कसं

नुसता आकडा सांगू नका, त्याच्याबरोबर त्याचं बिऱ्हाड सांगा. असं काहीतरी लिहा: "६६ सीसी, मागे ४४ दात, २६ बाय १.९५ टायर, माझं वजन ७२ किलो, सपाट डांबरी रस्ता, पेडल नाही, २०० मीटर दोन्ही बाजूंनी स्टॉपवॉचने, सरासरी ३९." बस, एवढ्यावर कुणीही तुमच्या आकड्याशी आपला आकडा लावून बघू शकतो.

वजन का सांगायचं असं काही जण विचारतात. अमेरिकेत कमी स्पीडच्या इलेक्ट्रिक सायकलची जी केंद्रीय व्याख्या आहे त्यात मोटर ७५० वॉटपेक्षा कमी आणि नुसत्या मोटरवर स्पीड २० मैलांपेक्षा कमी असं आहे, पण तो स्पीड कसा, तर पक्क्या सपाट रस्त्यावर आणि १७० पौंडांचा, म्हणजे ७७ किलोचा माणूस बसलेला असताना. कायदा लिहिणाऱ्यांना जे सुचलं ते आपल्याला सुचायला काय झालं.

आणि मैल-किलोमीटर. हा छंद अमेरिकेत जोरात आहे त्यामुळे बरेचसे व्हिडिओ तिकडचे, तिथे "३५" म्हणजे ३५ मैल, आपले ५६ किमी. आपल्याकडचा माणूस ३५ ऐकून म्हणतो माझी पण तेवढीच, किंवा मिटर मैलावर सेट असतो आणि त्याला कळतच नाही की गाडी हळू का दाखवते. एकक लिहाच.

७. दुसऱ्याचा आकडा ऐकल्यावर

लगेच "फेकतोय" म्हणून अंगावर जाऊ नका. माणूस दुखावतो आणि नंतर चेनच्या प्रॉब्लेममध्ये मदत करायला तोच लागतो. साधे प्रश्न विचारा. "काका, मागचं स्प्रॉकेट किती दातांचं?" "टायर कुठला?" "मोजलं कशाने?" बाकी गणित गुपचूप फोनवर करा. दात आणि टायर कळले की त्याने सांगितलेल्या स्पीडला आरपीएम किती होतात ते एका मिनिटात निघतं, सात हजारापर्यंत आलं तर विश्वास ठेवायला हरकत नाही, साडेआठ-नऊ हजार आलं तर इंजिनात काय काय केलंय ते विचारा कारण पोर्टिंग (सिलिंडरची भोकं घासून मोठी करणं), चांगला पाइप, बॅलन्स केलेला क्रँक असं काम केलेली इंजिनं खरंच जास्त फिरतात, आणि बारा हजार आलं तर चहा मागवा, विषय बदला.

नुसता मिटरचा फोटो दाखवला तर तो पुरावा धरू नका. व्हिडिओ असेल तर त्यात रस्ता दिसतोय का, सावली बघून दिशा कळते का, परतीची फेरी आहे का ते बघा. परतीची फेरी जवळपास कुणीच टाकत नाही.

विकणाऱ्याच्या बाबतीत मात्र मऊ राहू नका. किट विकणारा "साठ जाते" म्हणाला तर लेखी मागा, कुठल्या स्प्रॉकेटवर, किती वजनाला. बहुतेक जण तिथेच "साठ पर्यंत जाऊ शकते" वर येतात आणि मग "रस्त्यावर अवलंबून आहे" वर.

८. कायद्याचं थोडक्यात, पण वाचा

भारतात बॅटरीवाली सायकल मोटार वाहन समजली जात नाही ती काही अटींवर, मोटरची तीस मिनिटांची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, स्पीड २५ किमीपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, शिवाय ब्रेक, रिफ्लेक्टर वगैरे. पेट्रोलसाठी मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येत सूट आहे ती चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाला. म्हणजे ४८ आणि ६६ सीसीवाली दोन्ही सरळ मोटार वाहनं झाली, नंबर, इन्शुरन्स, लायसन्स सगळं लागतं, आणि घरी बसवलेल्या किटला ते मिळत नाही. १९७२ ला पुण्यातून आलेली लूना ५० सीसीची होती, तिला पण पेडल होते, पण ती नंबर प्लेट घेऊन फिरायची.

त्यामुळे बिननंबरच्या गाडीवर साठने गेलो असं नावानिशी सगळीकडे लिहिणं म्हणजे आपल्याच विरुद्धचा जबाब आपण लिहून देणं. अपघात झाला तर समोरचा वकील आधी तेच शोधेल आणि तुम्ही कोर्टात "तो आकडा फुगवलेला होता हो" म्हणाल, तर कोण ऐकणार.

ब्रेकचा हिशोबही त्याच आकड्याने करायचा. २५ वरून थांबायला ब्रेकला जेवढी ऊर्जा खावी लागते त्याच्या चौपट ५० वरून लागते, आणि साध्या सायकलचे रबरी ब्रेक पहिल्या हिशोबाने बनवलेले असतात. मोजून ३५ च्या वर येत असेल तर पुढे तरी डिस्क बसवा, मग पुढचं ट्यूनिंग.

शेवटचं, स्प्रॉकेट, टायर, कंट्रोलर यातलं काहीही बदललं की जुना आकडा बाद, परत २०० मीटर, परत दोन्ही बाजू. जिथे जिथे जुना आकडा लिहून ठेवला असेल तिथे बदला, आणि गाडी विकायला काढली तर घेणाऱ्याला स्वतः बसवून एक फेरी मारू द्या, त्याचं वजन तुमच्यापेक्षा वीस किलो जास्त असेल तर त्याला तुमचा ३९ दिसणार नाही, ते आधीच सांगून ठेवा.